शिडीला मत

निकालाच्या सकाळी वहिनींनी समोरच्या खोलीतला बाक ओल्या फडक्याने पुसून घेतला, पण फळ्यावरचे जुने रेखाटन मला पुसू दिले नाही.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हरले तर पुसायला वेळच वेळ आहे. जिंकले तर त्यावरच पुढचं काढू."

त्या दिवसाचा सगळा प्रश्न तेवढ्यात आला होता. नगरपालिकेच्या निवडणुकीत वहिनी पुन्हा निवडून आल्या, तर ती खोली रोज सकाळी उघडणार होती. हरल्या, तर तिला दिवाणखाना म्हणावे लागणार होते, आणि आमच्या घरात दिवाणखान्यात बसण्याची सवय कुणालाच नव्हती.

खोली सुरू केली माझ्या थोरल्या भावाने. दादा पहिल्यांदा नगरसेवक झाला तेव्हा त्याने रस्त्याकडचे दार उघडे टाकले, भिंतीला लागून एक लांब बाक ठेवला आणि शाळेने टाकून दिलेला एक फळा आणून समोर टांगला. त्याचा नियम एकच होता : तक्रार नुसती सांगायची नाही, काढून दाखवायची. "तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते," तो म्हणे, "लेखी तक्रार कपाटात जाते. चित्र तेवढं डोळ्यांपुढे राहतं." म्हणून ज्याच्या दारात पाणी तुंबले असेल त्याने खडू घ्यायचा आणि पाणी कुठून येते, कुठे अडते, ते फळ्यावर दाखवायचे. ज्याला जमत नसे त्याच्यासाठी मी होतो. मी तंत्रनिकेतनात शिकलेला आणि कारखान्याच्या आराखडा विभागात नोकरीला असलेला. कामावर जाण्यापूर्वी मी त्या फळ्यापाशी उभा राही. लोक बोलत आणि मी रेषा ओढी. बोलता बोलता एखाद्याच्या ध्यानात येई, की ज्या शेजाऱ्याला आपण महिनाभर पाण्यात पाहत होतो, त्याच्या नळाचा उतार मुळात आपल्या दाराकडे नाहीच. मग तो खडू खाली ठेवून, "बरं, येतो," एवढेच म्हणून निघून जाई. कितीतरी भांडणे अशी फळ्यावरच मिटली. उरलेली दादा नगरपालिकेत घेऊन जाई.

दादा गेला, तेव्हा लोकांनी वहिनींना उभे राहण्याची गळ घातली.

"मला भाषण येत नाही," वहिनी म्हणाल्या होत्या.

"दादांना तरी कुठं येत होतं?" असे टेलरमास्तरांनी विचारले, आणि वहिनी उभ्या राहिल्या. मास्तरांचे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दादाचा नगरपालिकेत जायचा पहिला कोट त्यांनीच शिवला होता.

आमचे चिन्ह शिडी. त्या चिन्हामागे खरीखुरी शिडी होती आणि ती मी केलेली होती. तंत्रनिकेतनात सुतारकामाच्या परीक्षेला मी ती दिली होती. प्रत्येक पायरी खाचेत बसवून वर पाचर ठोकलेली, खिळा एकही नाही. परीक्षक तिच्यावर चढले, वरच्या पायरीवर क्षणभर उभे राहिले आणि काही न बोलता उतरले. आमच्याकडे ती मोठी शाबासकी समजत. पुढे दादा ती शिडी खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागला. रस्त्यावरचा दिवा बंद दिसला, की हा स्वतःच चढून तो बदलणार. नगरपालिकेला ते खपेना, लोकांना मात्र फार आवडले. तेव्हापासून तो शिडीवाला दादा झाला आणि त्याच्यामागून वहिनी शिडीवाल्या वहिनी झाल्या. प्रचाराच्या फेरीत शिडी पुढे आणि माणसे मागे असत. मुले पायऱ्यांमधून डोकी काढून चालत आणि एकमेकांना अडकत. दादाच्या पाठीमागेही वहिनींनी ती पद्धत मोडली नाही. एक टोक त्यांच्या खांद्यावर असे, दुसरे माझ्या.

या वेळी मात्र त्यांच्यासमोर औषधवाल्यांची सून उभी राहिली. ही मुलगी आमच्याच गल्लीत वाढली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दिली गेली, म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामध्ये काय तो रस्ता. दोघीही अपक्ष आणि दोघींनीही शिडीच मागितली. तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. शिडी तिला गेली आणि वहिनींना छत्री आली.

त्याच संध्याकाळी ती घरी आली आणि बाकाच्या अगदी कडेला बसली.

"काकू, रागावू नका. आमच्या घरात लहानपणापासून शिडीलाच मत. अर्ज भरताना दुसरं काही सुचलंच नाही."

"सुचलं नाही की सुचवलं कुणी?" पुतण्याने विचारले. पुतण्या म्हणजे दादाचा मुलगा. विमा कंपनीत अधिकारी आहे आणि जेवणाच्या ताटातही कलम शोधतो.

"तू गप्प बस," वहिनी त्याला म्हणाल्या, आणि तिच्याकडे वळल्या. "नशिबानं मिळालीय ना? मग चढ. मी आपली छत्री घेऊन खाली उभी राहते."

त्यानंतर ऐन कोरड्या दिवसांत वहिनी उघडी छत्री घेऊन प्रभागभर फिरल्या. नव्या इमारतींमध्ये लोकांनी पत्रक वाचले, नाव विचारले, दोन प्रश्नही केले. जुन्या गल्ल्यांत कुणी पत्रक हातातच घेईना.

"ऊन लागतंय का हो, वहिनी?" दारादारातून विचारणा होई.

"अहो, ऊन नाही. या खेपेचं चिन्ह आहे."

"असू दे, असू दे. तुम्ही नका काळजी करू. शिडी ती शिडीच."

पुतण्या तिथल्या तिथे कपाळाला हात लावी. शिडी घरातच भिंतीला टेकून होती. दुसऱ्याचे चिन्ह आपण कसे मिरवणार? आणि पहिल्यांदाच रिकाम्या खांद्याने फिरताना, माझे सांगतो, मला चालण्याचा ताल सापडत नव्हता.

मतदानाच्या दिवशी मी वहिनींना शाळेत घेऊन गेलो. मत देऊन त्या बाहेर आल्या त्या गप्पच. मला वाटले, गुडघा दुखत असेल. मी रिक्षा आणू का विचारले, तर नको म्हणाल्या. घरी पोहोचेपर्यंत एकदाच बोलल्या. "भाऊजी, सुंभ जळतो, पीळ काही जात नाही." मी ते गुडघ्याविषयीच धरले.

मतमोजणी क्रीडागृहात होती. पूर्वी मतमोजणी म्हणजे आमच्या उपनगरात अर्धी जत्रा असे. नगरपालिकेच्या पायऱ्यांसमोर माणसे उभी राहत. आतून कारकून येई, दाराशेजारच्या पाटीवर खडूने आकडे लिही आणि मागे वळूनही न पाहता आत जाई. त्याच्या पाठीवरून निकाल ओळखता येतो, असे सांगणारेही होते. दादा आणि त्याचे प्रतिस्पर्धी एकाच पायरीवर बसून एकाच किटलीतला चहा पीत आणि आकडा लागला, की ज्याचा वाढे तो दुसऱ्याला कप भरून देई. एकदा तर दादाने इतका चहा पाजला, की हरलेल्या गृहस्थांना भाषणाच्या वेळी उठून जावे लागले. आता क्रीडागृहात मोठा पडदा होता. खुर्च्या रांगेने मांडल्या होत्या आणि प्रत्येकाची मान खाली, आपापल्या फोनमध्ये होती. आकडा पडद्यावर येण्याआधी हातात येई. त्यामुळे एकाच वेळी कुणी दचकत नव्हते आणि एकाच वेळी कुणी हसतही नव्हते.

सुरुवातीला नव्या इमारतींची मोजणी झाली. छत्री पुढे गेली आणि पुतण्याने माझा हात दाबला. मग जुन्या गल्ल्या सुरू झाल्या. लोहाराची गल्ली शिडीला. पाण्याच्या टाकीमागची वस्ती शिडीला. आमची स्वतःची गल्ली तर जवळजवळ सगळीच शिडीला. ज्या रस्त्यांवरून दादाने शिडी वाहिली होती, ते सगळे रस्ते इमाने इतबारे तिच्यामागे गेले होते. दुपारच्या चहापर्यंत निकाल लागला. वहिनी थोडक्यात हरल्या होत्या.

त्या उठल्या, औषधवाल्यांच्या सुनेपाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिलाही आकड्यांचा अर्थ कळला असावा. गल्ल्यांची नावे तिला पाठच होती.

घरी आल्यावर पुतण्याने बूटही काढले नाहीत.

"आई, हा सरळसरळ घोळ आहे. लोकांना मत तुलाच द्यायचं होतं. आपण आक्षेप घेऊ. अजून मुदत आहे."

"काय लिहिणार त्यात?"

"हेच, की चिन्हामुळे मतदारांची दिशाभूल झाली."

"म्हणजे मी जाहीर सांगायचं, की माझ्या माणसांना छत्री आणि शिडी यांतला फरक कळत नाही?"

"नाहीच कळला ना पण!" पुतण्या म्हणाला. "काका, तुम्ही तरी सांगा हिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ झाले की नाही?"

मी काय सांगणार? माझे अर्धे मन त्याच्या बाजूने होते. खोलीतला बाक सकाळचा पुसलेला, तसाच कोरडा पडला होता. मी म्हणालो, "वहिनी, प्रयत्न करून पाहायला हरकत नसावी."

वहिनींनी छत्री दाराच्या खुंटीला अडकवली आणि त्या बाकावर, लोक बसतात त्या जागी बसल्या.

"हरकत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या तिथं मला विचारलं, बाई, तुम्ही स्वतः कुणाला मत दिलं, तर खोटं कसं बोलू?"

"म्हणजे?" पुतण्याने विचारले.

"यंत्रासमोर उभी राहिले. चष्मा होता, उजेड होता, सगळं होतं. छत्री दिसली होती मला, वरच होती. पण शिडीचं चित्र दिसलं आणि बोट आपलं आपण गेलं. बटण वाजलं तेव्हा जागी झाले. त्या अधिकाऱ्यानं विचारलं, झालं का? म्हटलं, झालं."

पुतण्या मटकन खुर्चीत बसला. "आई," तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"हेच," वहिनी म्हणाल्या आणि हसू लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग तो हातही काढून. दादा गेल्यापासून त्यांना इतके हसताना मी पाहिले नव्हते. पुतण्याने शेवटी बूट काढले. आक्षेपाचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने समोरच्या खोलीत गेलो. रस्त्याकडचे दार लावलेले होते. ते लावलेले असताना खोली किती लहान दिसते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. वहिनी आतल्या बाजूला वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. मी फळा पुसायला घेणार, एवढ्यात दारावर काठी वाजली.

दार उघडले. टेलरमास्तर उभे होते. त्यांची नजर आता फार मंदावली आहे. दुकान मुलगा पाहतो, ते नुसते काजे करतात, तेही बोटांच्या अंदाजाने. त्यांच्या हातात कुंडीतले एक गुलाबाचे फूल होते.

"दार का लावलं? आणि वहिनी कुठं आहेत?" त्यांनी विचारले. "अभिनंदन करायला आलोय. काल संध्याकाळी पोरगा म्हणाला, शिडी आली. मी म्हटलं, येणारच. मी स्वतः मारलंय मत, बोटानं चाचपून."

मी वहिनींकडे पाहिले. त्या उठून पुढे आल्या होत्या. त्यांनी फूल घेतले.

"तुमचं मत वाया जाईल का, मास्तर?" त्या म्हणाल्या. "बसा."

"बसतो. कामही आहे. दुकानासमोरच्या गटाराचं झाकण डगमगतंय. गाडी गेली की खडाड्. काल सुई बोटात गेली माझ्या."

"भाऊजी, खडू घ्या."

मास्तर सांगत गेले आणि मी काढत गेलो : झाकणाची गोल कड, ती ज्या बाजूला झिजली आहे ती बाजू, खालची चौकट. मास्तरांना फळा दिसत नव्हता, तरी ते खडूच्या आवाजाकडे मान करून "हां, तिथंच, तिथंच" म्हणत होते. काढून झाल्यावर वहिनींनी मला तेच रेखाटन कागदावर उतरवायला सांगितले. मास्तर गेले. जाताना त्यांनी, दार उघडेच ठेवा, असे बजावले.

मग वहिनींनी चप्पल घातली. "चला."

"कुठं?"

"शिडीकडं."

औषधाच्या दुकानात गर्दी होती. काही औषधासाठी आले होते, काही अभिनंदनासाठी, आणि त्यांतले कोण कशासाठी ते कळत नव्हते. नवी नगरसेविका गल्ल्यामागे उभी राहून एका हाताने गोळ्या कापत होती, दुसऱ्याने फोन धरत होती. वहिनींना पाहताच ती गडबडीने बाहेर येऊ लागली.

"काकू, तुम्ही कशाला? मीच येणार होते."

"नंबर येऊ दे माझा," वहिनी म्हणाल्या. त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या. त्यांना काय हवे आहे, ते मला चटकन उमगले. तिथे बसायला काही नव्हते.

त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी कागद गल्ल्यावर पसरला. मुलीने तो आपल्याकडे न फिरवता स्वतःच मान वाकडी करून पाहिला, लहानपणी आमच्या फळ्यासमोर पाहत असे तसा. "मास्तरांच्या दुकानासमोरचं ना?" ती म्हणाली. "कड झिजलीय."

"झिजलीय. आणि हे बघ, लोक आता इथं येणार. त्यांना उभं ठेवू नकोस. भाऊजी, ही भिंत किती आहे?"

मी खिशातला टेप काढला. औषधांच्या कपाटापासून दारापर्यंत भिंत मोकळी होती. आमचा बाक तिथे बसत होता. फळ्यासाठी मात्र वजनाचा काटा थोडा सरकवावा लागणार होता. मी तसे सांगितले, आणि मुलगी गल्ल्यामागून बाहेर येऊन काटा सरकवू लागली.