घरी बसलेली मुलगी

धर्मशास्त्रात पदवी घेतली म्हणजे काय दरोडा घातला होता विदुषीने! हे नाव तिच्या शिंपी वडिलांनीच लाडाने पाडलेलं. पण मुलाखतीला गेली की साहेब लोक तिचा अर्ज दोन बोटांत धरायचे, त्याला खरूज झाल्यासारखा. 'ऑफिसात प्रवचनं देणार नाही ना?' एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, 'आम्ही कुणाचा धर्म बघत नाही हो. पण तुम्ही तो शिकलात, ते बघावं लागतं.' केवढं हे मन!

पाच वर्षं तिने एकेका ओळीच्या अर्थावर डोकं फोडलं होतं. विमा कंपनीच्या तक्रार विभागात तरी वेगळं काय असतं? बारीक अक्षरातली कलमं वाचायची आणि भडकलेल्या माणसाला समजावायचं. पण सांगणार कुणाला, कप्पाळ? शेवटी तिने अर्जातून पदवीच उडवली.

'शाळेनंतर काय केलंत?' विमा कंपनीतल्या बाईंनी विचारलं.

'काही नाही. घरी बसले होते.'

'छान!' बाई खूश. शिकलेली नको, रिकामी चालेल! 'आमचा माणूस घरी चौकशीला येईल, की झालं.'

विदुषी तडक घरी आली. बाबांचे डोळे अधू झालेले, सुईत दोरा ओवता येईना. आता घर तिच्याच पगारावर चालणार होतं. पण बाबा कसले गप्प बसतात! गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता लेकीचा पहिला नंबर सांगायचे.

'बाबा, पदवीचं बोलू नका,' ती काकुळतीला आली.

'विचारलं तर खोटं बोलू? या वयात?' बाबा उखडले. 'ते जमायचं नाही मला.'

माणूस आला, चहा प्याला आणि नेमकं तेच विचारलं. 'मुलगी एवढी वर्षं काय करायची?'

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

'करतेय काय डोंबल!' बाबा म्हणाले. 'उन्हं वर येईपर्यंत लोळायची. पुस्तकाला हात लावेल तर शपथ!'

'असू द्या, आम्ही शिकवू,' माणूस हसत म्हणाला आणि नोकरी पक्की असं सांगून गेला.

विदुषीला रडू आवरेना. बाबा तिच्याजवळ येऊन बसले.

'जमलं ना गं मला?' त्यांनी विचारलं.