साडेचार की पावणेचार

महिपती पोकळ्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचा न्याय बैलांच्या हिशेबानं करायची सवय होती. धायरीतल्या त्यांच्या गोठ्याच्या जागी आता सात मजली इमारत होती आणि ते तिच्याच दुसऱ्या मजल्यावर राहत होते, पण लिफ्ट हलली की अजूनही म्हणायचे, "उठाव न्हाई हिला." पुतणीसाठी मुलगा बघायला गेले, तेव्हा त्यांनी आधी त्याची चाल बघितली आणि पगार विचारायचं राहूनच गेलं. बैलगाड्यांच्या शर्यतीत उभा जन्म गेलेला माणूस, त्याला काय बोलणार?

त्यामुळे घरात गाडीवरून भांडण लागलं तेव्हा पंच कोण, हा प्रश्नच नव्हता.

गाडी जुनी होती, मागच्या चाकांवर चालणारी. मुलगी तेजस्विनी चाकणच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायची, तिच्याहून धाकटा ऋषी सिंहगड रोडला गॅरेज चालवायचा. दोघांनी वर्षभराचे रविवार घालवून त्या गाडीला टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि मग गाडी अशी सुटते की मागे बसलेल्याची टोपी जागेवर राहत नाही. फक्त त्याला जागं व्हायला जरा वेळ लागतो.

पुढच्या महिन्यात एका क्लबनं पानशेतच्या पुढं रस्ता बंद करून चढाची शर्यत ठेवली होती. एका गाडीला एकच चालक. गाडी दोघांची, हौस दोघांची, सीट मात्र एक. त्यातून मागच्या चाकांच्या मधला गिअर कुठला घालायचा, यावरही दोघांचं पटेना. कसबा पेठेतल्या जुन्या स्पेअरवाल्याकडून दोन जोड्या आणून ठेवल्या होत्या. एक साडेचारची, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. दुसरी पावणेचारची.

"साडेचारच," ऋषी म्हणाला. "पिकअप बघ ना. सिग्नलला कोणी टिकणार नाही."

"शर्यतीत सिग्नल नाहीये," तेजस्विनी म्हणाली. "साडेचारला पहिला, दुसरा, प्रत्येक गिअर लगेच संपतो. बदलला की टर्बोचा दम गेला, परत पहिल्यापासून. पावणेचारला सुरुवात मंद होईल, पण एकदा बूस्ट आला की तो टिकेल."

महिपतींना यातलं 'मंद' एवढंच कळलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. तरी त्यांनी न्यायानं निकाल द्यायचं ठरवलं. दोघांनी आपापला गिअर घालून गाडी पळवायची. जो जिंकेल तो शर्यतीत चालवेल. हा शब्द त्यांनी सगळ्या भावकीसमोर दिला. तेजस्विनीनं लगेच होकार दिला. लहानपणी बैलगाडीत बसायचा हट्ट केला की "पोरींचं काम न्हाई ते" असं तिला सांगितलं जायचं, आणि सांगणारे महिपतीच होते. ती कधी त्याबद्दल बोलली नाही. पण ही सीट तिला किती हवी होती, ते तिच्या तोंडाकडं बघून कुणालाही कळलं असतं.

टेकडीखालची पोकळ्यांची जमीन एका बिल्डरनं घेतली होती. वरच्या देवीच्या देवळापर्यंत वळणावळणाचा काँक्रीटचा रस्ता करून तो गायब झाला. रस्त्याला फाटक होतं आणि किल्ली महिपतींकडं. पायथ्याशी एक सरळ चढाचा पट्टा होता. पूर्वी बैलांच्या बाऱ्या, म्हणजे धावा, तिथंच व्हायच्या. महिपतींनी पावलं टाकून अंतर मोजलं, चुन्याच्या दोन रेघा ओढल्या आणि हातात झेंडा घेऊन उभे राहिले.

पहिल्या रविवारी तेजस्विनी धावली. गाडी सुटली ती लग्नातल्या वरातीसारखी. पंखा जागा होतो न होतो तोच चुन्याची दुसरी रेघ आली. पुढच्या रविवारी ऋषी साडेचार घालून आला. झेंडा पडायचा अवकाश, चाकं किंचाळली आणि तो पलीकडं. महिपतींचे चुलतभाऊ गेनबा फोनवर वेळ मोजत होते. त्यांनी निकाल सांगायची गरजच उरली नाही.

"याला म्हणतात बारी," गेनबा म्हणाले.

तेजस्विनीनं भावाचं अभिनंदन केलं आणि मग इतकंच म्हणाली, "अण्णा, खरा रस्ता एवढासा नाहीये हो."

"शब्द तो शब्द," महिपती म्हणाले. तिनं मान हलवली आणि ती हत्यारं आवरायला लागली. पोर रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

पौर्णिमेला महिपतींची बायको मुक्ताबाई देवीला नैवेद्य घेऊन निघाल्या. ऋषी अजून जिंकल्याच्या हवेत होता. "आई, आपल्या गाडीतून चल," तो म्हणाला. मुक्ताबाई पुढं बसल्या, कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन महिपती मागं. मुक्ताबाईंचा नेम असा की टेकडीचा चढ लागला की आरती म्हणायला सुरुवात करायची. पायी जात तेव्हा पुन्हा पुन्हा म्हणावी लागे.

"जोरात घे रे," त्या म्हणाल्या, "आमटी गार होईल."

ऋषीनं घेतली. सरळ पट्टा संपेपर्यंत महिपती खूश होते. मग पहिलं वळण आलं. गिअर बदलला, गाडीनं ओढ सोडली, दम घेतला, मग धक्का दिला. पुढं थोडंसं गेलं की पुन्हा तेच. दर खेपेला आमटीची एक लाट धोतरावर. महिपतींना पातेलं सांभाळता सांभाळता एक गोष्ट समजायला लागली. ही गाडी वरपर्यंत पळतच नव्हती. ती पुन्हा पुन्हा निघत होती.

देऊळ यायच्या आधीच मुक्ताबाईंची आरती संपली. शेवटच्या वळणाला त्या मागं वळून आमटीकडं बघत होत्या. "निम्मी तुम्हीच नेसलात," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी महिपती गॅरेजात जाऊन म्हणाले, "ऋषी, तिचा गिअर घाल."

"हरलेला?"

"घाल म्हणलं ना."

ऋषीनं घातला. कुरकुर करत घातला, पण काम चोख केलं. मग चौघंही गाडीत बसले. या वेळी चाक तेजस्विनीच्या हातात. मुक्ताबाईंना हे सगळं कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. चढ लागला, त्यांनी आरती सुरू केली.

गाडी निघाली तीच आळसावून. महिपतींनी सवयीनं दात आवळले. मग दुसरा गिअर पडला, कुठून तरी शिट्टीसारखा आवाज आला, आणि त्यांची पाठ सीटला चिकटली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिनं गिअरच्या दांड्याला हात लावला नाही. ओढ तुटत नव्हती. वळणात आवाज जरासा खाली यायचा आणि लगेच वर चढायचा. महिपतींच्या मांडीवर या खेपेला पातेलं नव्हतं, तरी हात आपोआप धरायला गेले आणि तसेच राहिले.

गाडी देवळासमोर उभी राहिली. तेजस्विनी दार उघडायला लागली.

"थांब गं," मुक्ताबाई म्हणाल्या. "दोन कडवी राहिलीत अजून."

मग चौघंही हात जोडून गाडीत बसून राहिले. इंजिन टिकटिक करत गार होत होतं आणि मुक्ताबाई सावकाश, एकही शब्द न गाळता आरती म्हणत होत्या. दुसऱ्या कडव्याला ऋषीला हसू आवरेना. तो हरला होता आणि ते त्याला कळलंही होतं, पण आईच्या आरतीनं हरवावं, याला काय म्हणायचं?

रविवारी महिपतींनी पुन्हा सगळ्या भावकीला टेकडीखाली बोलावलं.

"शर्यतीत गाडी तेजू चालवंल," ते म्हणाले.

गेनबांनी भुवया चढवल्या. "पंचानं निकाल फिरवायचा नसतो, महिपती. तूच सांगायचास."

"निकाल बरोबरच हाय. पोरगं जिंकलं. पण मी रेघा मारल्या त्या बैलांच्या मारल्या. बैलाचा दम तेवढाच असतो म्हणून धाव तेवढी. गाडीला मी त्याच मापात कोंडली. चूक पोरीची न्हाई, माझी हाय."

महिपती पोकळे चुकले, हे वाक्य भावकीनं याआधी त्यांच्या पाठीमागंच ऐकलं होतं.

"ऋषी, तुला काय म्हणायचंय?" गेनबांनी विचारलं.

"वाईट वाटतंय," ऋषी म्हणाला. "मी पावणेचारवर दोनदा ट्राय केली, काका. मला तेवढी वाट बघणं जमत नाही. हिला जमतं. गाडी मी तयार करून देतो, चालवू दे तिला."

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बहिणीला दिली. तेजस्विनीनं ती घट्ट धरली. तिचे डोळे भरले आणि या खेपेला तिनं ते लपवले नाहीत. महिपतींना त्या रडण्यानं इतकं बरं वाटलं की त्यांनी उगाचच गेनबांना तंबाखू विचारली.

परत जाताना ती त्यांच्या शेजारून चालत होती. बैलांच्या एवढ्या शर्यती झाल्या, पण महिपती कायम निघायच्या जागेलाच असायचे. जोडी सोडायची आणि धुरळ्यात उभं राहून ओरडायचं. कोण कसं पोचलं, ते त्यांना दुसऱ्यांकडूनच कळायचं.

"अण्णा," तिनं विचारलं, "शर्यतीला तुम्ही झेंड्यापाशी उभे राहणार ना?"

"न्हाई," महिपती म्हणाले. "मी वर थांबतो. तू ये."