अर्धी कमान

मी एक बंब आहे. आगीचा, असं माझ्या लाल अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय. नायजेरियातल्या एका राज्याच्या राजधानीत मी धावपट्टीच्या कडेला उभा असतो. आगी फारशा पाहिल्या नाहीत. मूर्खपणा मात्र भरपूर पाहिला.

माझा जन्म दूरच्या थंड देशातला. तिथल्या कारागिरांनी मला खऱ्या ज्वाळांपुढे उभं केलं, झोत तपासला, मगच जहाजावर चढवलं. वाटलं, जिथं जाईन तिथं कुणाचा तरी जीव वाचवीन. भाबडा होतो.

इथं प्रत्येक गव्हर्नरला स्वतःचा विमानतळ हवा असतो. दवाखान्यात खाटा नसल्या तरी चालतं. वर्षाआड नवी विमान कंपनी निघते. पाद्री येऊन विमानाच्या नाकाला तेल लावतो, ढोल वाजतात, गव्हर्नरचा चेहरा छापलेल्या कापडाचे झगे घालून बायका नाचतात, जोलोफ भाताची पातेली रिकामी होतात. मग ते विमान हवा गेलेल्या चाकांवर माझ्या शेजारी उभं राहतं आणि त्याच्या इंजिनात पाखरं घरटी करतात. याला म्हणे विमानव्यवसायाची वाढ म्हणतात. वाढतं तर धावपट्टीकडेचं गवतही.

नियम आहेत, नाही कसे? भरलेला बंब नसेल तर विमान उतरवायचं नाही, हा नियम तर सोन्यासारखा. म्हणून बंब नसलेल्या शेजारच्या राज्यात तपासणी असली की मला तिकडे पाठवतात. तपासनीस माझ्या टाकीवर टकटक करतात, मान डोलावतात, बोकडाचं तिखट सूप पितात. पुढच्या आठवड्यात मी त्यांना इथं भेटतो. त्यांना कळत नाही असं नाही. कळून घ्यायचं नसतं.

इथं एकाच माणसाबद्दल मला आदर वाटला. आमच्या अग्निशमन दलाची प्रमुख, एकाएते. आवाज माझ्या भोंग्यापेक्षा मोठा.

त्या दिवशी राज्याच्या स्वतःच्या विमान कंपनीचं उद्घाटन होतं. पहिल्या विमानावर पाण्याची कमान उडवायची पद्धत आहे.

"ओगा, हे पाणी आगीसाठी आहे, फोटोसाठी नाही," एकाएते विमानतळाचे व्यवस्थापक ओफियोंग यांना म्हणाली. ओगा म्हणजे इथल्या बोलीत साहेब.

"अहो मॅडम, आग काय रोज लागते? गव्हर्नरसाहेब मात्र आज आलेत!"

मी झोत सोडला. पण कमानीला दोन बाजूंना दोन बंब लागतात, आणि मी एकटा. गव्हर्नरचा प्रसिद्धीवाला धापा टाकत आला. "कमान अर्धीच का?"

"बंब एकच घेतलात म्हणून," एकाएते म्हणाली. " दुसऱ्याचं नुसतं बिल आलंय. ते उभं करू पलीकडे?"

तो हसला नाही. "विमान मागं फिरवा. आता उजवीकडून मारा. फोटोत जोडून घेऊ."

आणि खरोखर तसं केलं! माझी टाकी कोरडी पडली. विमानतळाचा पंप ईस्टरपासून बंद; पाण्याचा टँकर संध्याकाळी येणार होता.

तेवढ्यात एकाएतेचा वायरलेस खरखरला. दुपारचं नेहमीचं विमान येत होतं, आणि त्याचं पुढचं चाक नीट बसत नव्हतं.

ओफियोंग घामाघूम झाले. "येऊ दे, येऊ दे! त्यात गव्हर्नरसाहेबांच्या सासूबाई आहेत. जेवणं खोळंबलीत."

"चाक मोडून ठिणगी पडली, तर सासूबाईंवर काय ओतू, ओगा? जोलोफ?"

"तुम्हाला विमानतळ बंद करायचा अधिकार नाही!"

"नियमाला आहे." तिनं वायरलेस तोंडाशी धरला. "टॉवर, बंब कोरडा आहे. विमान उतरवू नका. इंधन पुरेसं आहे ना? मग मोठ्या विमानतळावर पाठवा."

ती माझ्या दाराला टेकून उभी राहिली. वायरलेस तिनं कानाशीच धरला होता. मांडवात गव्हर्नर आकाशाला गवसणी घालत होते. भाषण संपत आलं तेव्हा मोठ्या विमानतळावरून निरोप आला: चाक मोडलं, नाक घासलं, धूर झाला. तिथल्या बंबांनी फेस मारला. सगळे चालत बाहेर आले. सासूबाईसुद्धा.

एकाएतेनं वायरलेस कमरेला लावला आणि टँकरवाल्याला फोन केला.

समारंभाला गालबोट लावलं म्हणून तिची बदली नदीकाठच्या धक्क्यावर झाली. तिथं विमान येत नाही. ओफियोंगना बढती मिळाली. तपासनीस आले आणि त्यांनी विचारलं, विमानतळ बंद का ठेवला? बंब रिकामा का होता, हे एकानंही विचारलं नाही.

मला नवा रंग मिळालाय. दारावर गव्हर्नरचं हसरं चित्र आहे. येत्या शनिवारी आणखी एका कंपनीचं उद्घाटन, आणि मी अंघोळ करून तयार आहे, एखाद्या भाडोत्री वाजंत्र्यासारखा.

तुम्ही येणारच असाल, तर एवढं करा. टाळ्या वाजवण्याआधी उभं राहून मोठ्यानं विचारा: टाकीत पाणी किती उरलंय? खरं उत्तर देणारी बाई आम्ही घालवून दिलीय. तरी विचारा. तुम्हालाही परत विमानानंच जायचंय.