तिची वेळ मी मोजली

मी एक स्टॉपवॉच बोलतोय, आणि खोटं बोलणं मला जमत नाही. हे आधीच सांगतो, कारण एकदा माझ्यावर तसा आळ आला होता.

माझी उमेदीची वर्षं प्रसूतिगृहात गेली. तिथली नर्स माझ्यावर दोन कळांमधलं अंतर मोजायची. पुढे तिच्या वहिनीने धावायचं मनावर घेतलं आणि माझी बदली झाली. रोज सकाळी वहिनी पुढे पळत, नणंद मागे सायकलवर आणि मी नणंदेच्या गळ्यात. शेजारी विचारायचे, "चोर मागे लागलाय का?" वहिनी हसून पुढे निघून जायची.

तेव्हा शर्यतीत बायकांना मैदानाच्या दोन फेऱ्यांपलीकडे धावू देत नसत. बेचाळीस किलोमीटरची गोष्टच सोडा. वहिनीने पत्रांवर पत्रं लिहून संयोजकांना भंडावून सोडलं. शेवटी ते म्हणाले, "धावा हवं तर. पण तुमची वेळ आम्ही मोजणार नाही." वेळ नाही म्हणजे नोंद नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच नकार.

म्हणून मी मोजली. माझ्यात एक खोट आहे. माझा छोटा काटा तीस मिनिटांत फेरी पुरी करतो, पण अशा किती फेऱ्या झाल्या ते माझ्या लक्षात राहत नाही. नणंद दर फेरीला तळहातावर पेनाने रेघ मारत होती. वहिनी पोचली तेव्हा सहा रेघा होत्या, वर अकरा मिनिटं.

"वन्सं, हात दाखवा त्यांना," वहिनी म्हणाली.

पंचांनी हात पाहिला. "ताई, एखादी रेघ मारायची राहिली असेल. घड्याळ घरचं, माणूसही घरचं."

नणंदेचा चेहरा उतरला. मला भयंकर राग आला. वहिनी बुटांच्या नाड्या सोडत होती, तिने त्या परत बांधल्या.

"पुढच्या महिन्यात दुसरी शर्यत आहे ना? तेव्हा घड्याळ तुम्ही धरा."

पंचांनी मला धरलं, शेजारी स्वतःचं घड्याळही ठेवलं. या खेपेला ती दोन मिनिटं आधीच आली. दोन्ही घड्याळं एकच सांगत होती. पंच वही उघडून म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."

पुढच्या वर्षी अकरा जणी धावल्या. वहिनी त्यानंतर वीस वर्षं धावली, आता मुलींना शिकवते. माझी स्प्रिंग तुटली, मी तिच्या पदकांमागे पडून असतो. तक्रार नाही.

मागणं एकच. तुमच्या घरातली कुणी धावायला निघाली, तर तिला झेपेल का, असं विचारू नका. किती वेळात येते, तेवढं बघा.