ईशापूरच्या रायफलचा दसरा

नकुलला ग्रीन कार्ड मिळायला अकरा वर्षं लागली. त्याच्या रायफलला अमेरिकेत यायला त्याहून कमी कागदपत्रं लागली असावीत, असा त्याला दाट संशय होता. १९६७ साली ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, भारतीय लष्करातून निवृत्त झालेली ती रायफल त्याला ओहायोतल्या एका गन शोमध्ये सापडली, बीफ जर्कीच्या स्टॉलशेजारी.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात गाड्यांच्या सीट मागेपुढे करणारी दांडी डिझाइन करणाऱ्या या माणसाला एकच हौस होती. नेमबाजी क्लबच्या जुन्या लष्करी रायफलींच्या वार्षिक मॅचमध्ये दहा गोळ्या झाडायच्या. तीन वर्षांत त्याने एकही झाडली नव्हती. पहिल्या वर्षी रायफल गोदामातल्या ग्रीसमध्ये इतकी माखली होती, की ते निघेपर्यंत मॅच संपली. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी मराठी मंडळाची कोजागिरी होती. तिसऱ्या वर्षी मेहुणीचं बेबी शॉवर.

यंदा मॅच शनिवारी एक वाजता होती आणि दसरा गुरुवारी. पण अमेरिकेत दसरा केव्हाही असला तरी शनिवारीच येतो.

"मी मंडळाच्या गुरुनाथकाकांना हो म्हणून बसलेय," त्याची बायको स्वानंदी म्हणाली. "दरवर्षी शस्त्रपूजेला काय, तर स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप. यंदा खरंखुरं शस्त्र आहे म्हटल्यावर काका रडायचेच बाकी होते."

"मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो. तिथे रायफल नेली तर मी आत जाईन."

"म्हणून तर कार्यक्रम आपल्या गॅरेजमध्ये ठेवलाय."

शनिवारी दहा वाजता गॅरेजमध्ये चाळीस माणसं होती. नकुलने रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळीची जागा बंद करणारी खिट्टी, मागे ओढून ठेवला होता. आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसावं, हा सुरक्षेचा पहिला नियम. लोकांनी रायफलभोवती लॅपटॉप, स्टेथोस्कोप, कोणीतरी एअर फ्रायरसुद्धा मांडला. आरत्या झाल्या, मग अजून आरत्या झाल्या. पावणेबाराला नकुल रायफल उचलायला वाकला.

"अरे अरे!" मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथकाका ओरडले. "उत्तरपूजेशिवाय शस्त्र हलवायचं नाही. उत्तरपूजा उद्या."

"काका, माझी मॅच आज आहे."

"शस्त्राला आज सुट्टी असते रे."

"काका, गुरुवारचा दसरा आपण शनिवारी आणला ना? मग उद्या आज आणायला काय हरकत आहे?"

काका गंभीर झाले. मुद्दा बिनतोड होता, पण असे निर्णय समितीच घेऊ शकत होती. समितीचे पाचही जण हजर होते. सव्वाबारापर्यंत चर्चा झाली आणि तीन विरुद्ध दोन मतांनी आजच रविवार मंजूर झाला, उत्तरपूजाही लगेच उरकली. विरोधातलं एक मत स्वानंदीचं होतं.

"तत्त्वाचा प्रश्न होता," ती नंतर म्हणाली.

एकला पाच मिनिटं असताना नकुल क्लबच्या शूटिंग रेंजवर पोचला. वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याने रायफलच्या आत बॅटरी मारली, बोट घातलं, बोटाचा वास घेतला.

"ग्रीस राहिलंय का?"

नकुलनेही बोट घालून पाहिलं. मध, दही, साखर. पूजेच्या वेळी मंडळातल्या सुलेखाकाकूंना रायफलला उघडा खळगा दिसला होता आणि खळगा दिसला की त्या अभिषेक करतात. बाहेरून सगळं स्वच्छ पुसून घेण्याइतक्या त्या नीटनेटक्या होत्या.

"धार्मिक दही," नकुल म्हणाला.

"नळी साफ झाल्याशिवाय गोळी नाही," वॉल्टर म्हणाला. पंचेचाळीस वर्षांत त्याने बरंच काही पाहिलं असावं, कारण त्याने सरळ गरम पाण्याकडे बोट दाखवलं.

जुन्या काडतुसांच्या दारूचे क्षार नळीत राहतात, ते धुवायला रेंजवर गरम पाणी असतंच. मॅच दहा मिनिटांची. नकुलने त्यातली नऊ रायफल धुण्यात आणि कोरडी करण्यात घालवली. गजाला लावलेली चिंधी प्रत्येक वेळी गुलाबी होऊन बाहेर येत होती. कुंकू होतं. डावी-उजवीकडे लोक धडाधड गोळ्या झाडत होते आणि नकुल मनातल्या मनात समितीच्या पाचही सदस्यांची नावं घेत होता.

शेवटी वॉल्टरने मान डोलावली. चाळीस सेकंद उरली होती. नकुल धावत जाऊन आडवा झाला, एक गोळी भरली, श्वास रोखला आणि झाडली. खांद्याला सणसणीत धक्का बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"बरोब्बर मध्यावर!" दुर्बिणीतून बघत वॉल्टर म्हणाला. "तुझं टार्गेट कितवं?"

"सात."

"ही आठवर आहे."

आठ नंबर पेगीचा होता. वय ब्याऐंशी. तिच्या टार्गेटवर आता अकरा भोकं होती. कोणतं कोणाचं ते ओळखता येत नव्हतं आणि क्लबच्या नियमाप्रमाणे अशा वेळी चांगली दहा धरतात. पेगी एका गुणाने पहिली आली. नकुलला शून्य. पेगीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खिशातून काढून एक पेपरमिंटची गोळी दिली.

तो गाडीत बसतोय तोच काकांचा फोन आला.

"काय रे, लागला का नेम?"

"लागला. एकदम मध्ये."

"वा! मग पहिला नंबर?"

"पहिला नंबर."

"बघ! पूजा पावली की नाही?" काका फोनमधूनच बाकीच्यांना ओरडून सांगू लागले. मागे टाळ्या वाजल्या.

"पावली काका," नकुल गाडी सुरू करत म्हणाला. "पेगीला पावली."