बुडाखालचा स्टिकर

"दादा, तुमच्या मुलीचा जन्मदाखला हरवला, तर ती तुमची मुलगी राहत नाही का?"

हा प्रश्न सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारून दाखव, अशी पैज माझ्याशी उंटीण आणि चिमणीने लावली होती. दोघी माझ्याच वर्गातल्या. एक वर्गात सगळ्यात उंच, दुसरी बाकामागे बसली की दिसतच नाही. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज माझ्याच कॉलरपर्यंत पोचत नसे. मग बाईंनी मला शाळेच्या नाटकात वकीलीण केलं आणि तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही. त्यामुळे मी विचारलं. अगदी कोर्टात उभी असल्यासारखं, एक हात काउंटरवर ठेवून.

काउंटरवरच्या दादाने मान वर केली. "राहते ना, ताई. फक्त शाळेत घेत नाहीत."

मागे दोघी फिस्सकन हसल्या. फितूर कुठल्या.

आमच्यामध्ये काउंटरवर आईचं भरतकामाचं मशीन होतं, जुन्या चादरीत बांधून आणलेलं. ऑनलाइन घेतलेलं, कंप्युटरवर चालणारं. त्यावर ती गणवेशांचे बॅज आणि दुकानांच्या ऍप्रनवरची नावं भरून द्यायची. एका सकाळी पडदा काळा झाला तो झालाच. नवा पडदा विकत घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं, पण वॉरंटी शिल्लक होती, बिल माझ्या फोनमध्ये होतं. येताना मला वाटलं होतं, खटला जिंकल्यातच जमा.

"बिल खरं आहे," दादा पुन्हा तेच म्हणाला. "पण बिलावर मशीनचा नंबर नाही, आणि मशीनवरही नाही. मग हे बिल याच मशीनचं कशावरून?"

"आमच्याकडे दुसरं मशीनच नाही."

"हे सगळेच म्हणतात."

"विकणाऱ्याला विचारा ना."

त्याने माझ्यासमोर फोन लावला. तो फोन नंबरच अस्तित्वात नव्हता. त्या दुकानाचं ऑनलाइन पानही गायब झालेलं. मशीनचा नंबर आतल्या मेमरीतही असतो, पण तो पडद्यावर दिसतो, आणि पडदा तर मेलेला. घोडं प्रत्येक वेळी तिथेच पेंड खात होतं.

दादा वाईट नव्हता. त्याने मशीन उलटं केलं, विजेरी मारली, बुडाखाली बोट फिरवलं. तिथे एक चौकोन होता, आजूबाजूपेक्षा जास्त चकचकीत.

"नंबरचा स्टिकर इतका स्वच्छ कुणी काढला हो?" तो म्हणाला. "आमच्याकडे कधी चोरीची मशीनं येतात, त्यांचेसुद्धा स्टिकर इतके नीट निघालेले नसतात."

वकीलीणबाईंनी काउंटरवरचा हात खाली घेतला. कारण कुणी काढला ते मला माहीत होतं.

माझे बाबा पार्सलच्या गोदामात काम करतात. दिवसभर सरकत्या पट्ट्यावरून खोकी येतात आणि ते गावानुसार वेगळी करतात. खोक्यावरचं नाव, फोन, ऑर्डर नंबर चोरून लोकांना फसवणारे त्यांनी इतके पाहिलेत, की आता ताकसुद्धा फुंकून पितात. आमच्या घरात कुठल्याही वस्तूवर लेबल टिकत नाही. कोमट पाणी, मग तेल, मग नख. बरण्या, डबे, औषधाची बाटली, सगळं दिगंबर. मीठ कुठलं आणि साखर कुठली हे आम्ही चाखून ठरवतो आणि पाहुण्यांना नाइलाजाने तसंच शिकवतो. मशीन आलं त्या दिवशी आई ते लावून बघायला उतावीळ झाली होती, पण बाबांनी आधी ते उलटं केलं. बराच वेळ बसून तो स्टिकर काढला, बुड कापडाने पुसलं आणि समाधानाने म्हणाले, "आता कुणाच्या बापाला कळणार नाही हे कुठून आलं ते."

अगदी खरं बोलले.

परत येताना मशीन आम्ही आळीपाळीने उचललं. चिमणी धापा टाकत म्हणाली, "माझ्या मावसभावाकडे प्रिंटर आहे. असंच मशीन नेटवर शोधू, त्याच्या स्टिकरचा फोटो मिळाला की छापून चिकटवू. कुणाला कळतंय?" खरं सांगते, मला तिचा पापाच घ्यावासा वाटला.

घरी आई दारातच उभी होती. माझा चेहरा बघून ती मशीनची गाठ सोडायला लागली. कपड्यांच्या कारखान्यातून तिला पुन्हा बोलावणं आलं होतं. तिथे हवेत सतत धाग्यांचा भुसा उडतो. तिची छाती त्यानेच बिघडली. रात्ररात्र उशीला टेकून बसायची. म्हणून तर हे मशीन घेतलं होतं. ते चाललं तर ती घरी राहणार होती. नाही चाललं, तर सोमवारपासून कारखाना.

मी चिमणीची युक्ती सांगितली. बाबा चहाचा कप हातात घेऊन ऐकत होते.

"तो नंबर कुणाच्या तरी घरातल्या मशीनचा असणार," ते म्हणाले. "उद्या त्यांचं बंद पडलं, की त्यांना सांगतील, तुमचं दुरुस्त करून झालंय."

"मग झालं तर झालं," मी म्हणाले.

"तीही कुणाची तरी आई असेल."

मी चिमणीला 'छापू नको' असा मेसेज टाकला.

आई हसायला बघत म्हणाली, "मला तरी सोडलंत हे नशीब. नाहीतर माझ्यावरचंही लेबल काढून बसला असतात, आणि माहेरी परत घेतलं नसतं."

बाबा हसले नाहीत. चहा तसाच ठेवून गोदामात गेले. त्यांची पाळी दुपारनंतर सुरू होते.

मी मशीनच्या कंपनीला मेल लिहिली. मशीन चालवताना काढलेला आईचा फोटो पाठवला, खोक्याचाही पाठवला. खोकं अर्थातच कोरं. रोज तेच उत्तर यायचं: कृपया नंबरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो जोडावा. शेवटी मी त्या चकचकीत चौकोनाचा फोटो जोडला. फोटो स्पष्ट नाही, असं उत्तर आलं.

रविवारी शेजारच्या काकूंनी बिस्किटांचा डबा दिला, वर मोठं लेबल. तो ओट्यावर तसाच राहिला. बाबा त्याच्या बाजूने पाणी प्यायला गेले, आले, पुन्हा गेले. हात लावला नाही. मला वाटतं, त्या डब्याने मला जेवढं रडवलं तेवढं कंपनीने नाही.

सोमवारी सकाळी आईने कारखान्याचं कार्ड गळ्यात अडकवलं. फोटो, आणि खाली भला मोठा नंबर. माझी धाकटी बहीण त्याच्याशी खेळत होती. आई आता अंधार पडल्यावर येणार, बाबा त्याच्याही नंतर. धाकटी एकटी राहू शकत नाही, आणि नाटकाची तालीम संध्याकाळीच असते. हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा चपलांकडे बघत होते. आई म्हणाली, "शेजारच्या काकूंना विचारू का, रोज थोडा वेळ..."

मी काउंटरपाशी उभी राहिले होते तशीच ओट्याला एक हात टेकून उभी राहिले.

"कुणाला काही विचारायचं नाही. मी नाटक सोडलंय. बाईंना काल फोनवर सांगितलं. वकीलीण चिमणी होणार, तिला स्टुलावर उभी करतील. संध्याकाळी धाकटी आणि स्वयंपाक माझ्याकडे. आणि या निकालावर अपील नाही."