अर्थ क्रमांक दोनशे तेरा

आमच्या अर्थनिर्णय विभागात एक अर्थ एकदाच वापरता येतो. एखाद्या विद्यार्थ्याने उताऱ्याचा अर्थ लावला आणि समितीला तो पटला, की शिक्केकाका तो नोंदवहीत उतरवतात, क्रमांक घालतात, शिक्का मारतात, आणि तो अर्थ कायमचा त्या विद्यार्थ्याच्या नावावर जातो. पुढच्याने नवा शोधायचा. हा नियम कोणी केला हे कोणालाच ठाऊक नाही आणि विचारायची कोणाची छाती नाही.

शिकवायला दोघं. मॅडम कादंबरी शिकवतात. त्यांचं म्हणणं, पुस्तकात उगाच असं काही नसतं. खोलीत खुर्ची असेल तर ती कशाची तरी खूण आहे, बसायला म्हणून नाही. फादर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवतात. त्यांच्या मते शास्त्राच्या प्रत्येक ओळीला चार मजले असतात. तळमजल्यावर साधा अर्थ, पहिल्यावर रूपकाचा, दुसऱ्यावर नीतीचा आणि तिसऱ्यावर स्वर्गाचा. दोघांचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण मला नापास करायचं म्हटलं की लगेच एकमत.

विभाग किती पुढे गेला होता हे सांगायला एक नळ पुरे. जिन्याखाली पाटी होती: ‘या नळाचे पाणी पिऊ नये.’ या पाटीचे अकरा मान्य अर्थ वहीत होते. तहान म्हणजे ज्ञानाची ओढ, नळ म्हणजे परंपरा, वगैरे. त्यातला एकही पाण्याबद्दल नव्हता, त्यामुळे सगळे तेच पाणी पीत आणि महिन्याला दोन-तीन जण पोट धरून घरी जात.

माझ्या वाट्याला चिठ्ठीत आला तो उघडा तरुण. शुभवर्तमानात येशूला धरून नेतात तेव्हा शिष्य पळून जातात. एक तरुण मात्र मागोमाग चालत राहतो. अंगावर फक्त एक तागाचं वस्त्र. लोक त्याला पकडतात, तर तो वस्त्र त्यांच्या हातात टाकून तसाच उघडा पळतो. पुन्हा त्याचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. या एवढ्याशा उताऱ्यावर दोनशे बारा अर्थ आधीच नोंदवलेले होते.

मी दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा मी लिहिलं, वस्त्र म्हणजे पाप. ते एकतीस क्रमांकावर निघालं. दुसऱ्यांदा मोठ्या आशेने लिहिलं, उघडेपण म्हणजे आत्म्याची पूर्वस्थिती. तो अठ्ठ्याऐंशी क्रमांक, आणि तो लावणारा गृहस्थ आता फरश्या विकतो. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी. नाव कमी झालं की आईची लाँड्री. आईने तसं बजावूनच ठेवलं होतं.

“शुक्रवारी पास झालीस तर ठीक,” आई म्हणाली होती, “नाहीतर शनिवारी सकाळी कॉलरींना ब्रश मारायला उभी राहा. मला तरी कुठे माणूस मिळतंय.”

गुरुवारी मी लाँड्रीत बसून डोकं खाजवत होते. वाफेने कागद मऊ पडले होते. आईचं काम सरळ. कपडा उजेडात धरायचा, डाग शाईचा की तेलाचा ते बघायचं, चिठ्ठी लावायची. डाग कसा पडला, का पडला, हे ती गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही. हातातली इस्त्री बाजूला ठेवून तिने माझा कागद ओढला आणि उभ्या उभ्या वाचला.

“यात अवघड काय आहे? पोरगं घाबरलं, पळालं.”

“आई, असं नसतं गं.”

“मग कसं असतं?”

“त्या वस्त्राला काहीतरी अर्थ आहे.”

“असेल. पण ते त्या लोकांच्या हातात राहिलं ना? आणि हा बिचारा तसाच रस्त्याने पळतोय. थंडी वाजली असेल. घरी जाऊन काय सांगणार तो?”

मी खूप चिडले. चार वर्षं शिकून अडले होते मी, आणि हिने एका दमात निकाल लावला. रागारागाने विभागात गेले आणि शिक्केकाकांना म्हटलं, “‘घाबरला आणि पळाला’ हा अर्थ कोणाच्या नावावर आहे बघा बरं.” मला तो आईच्या तोंडावर मारायचा होता, क्रमांकासकट.

काकांनी चष्मा पुसला, वही पालथी घातली, पुन्हा सुलटी केली. पहिला मजला भरलेला. दुसरा भरलेला. तिसऱ्यावर तर समासातही जागा नव्हती. तळमजला कोरा.

“चाळीस वर्षं झाली मला इथे,” काका म्हणाले, “प्रत्येकाला वाटलं असणार, कोणीतरी घेतलाच असेल.”

शुक्रवारी तोंडी परीक्षा. मी सांगितलं, “तो घाबरला आणि पळाला.”

मॅडम म्हणाल्या, “पुढे?”

“पुढे काही नाही.”

कोपऱ्यातून शिक्केकाका खाकरले. “नियम नऊ. तळमजला भरला की वरचा प्रत्येक अर्थ त्याच्यावर टेकतो का, ते तपासायचं. जो टेकत नाही तो पाडायचा.”

फादरांचा चेहरा पडला. सतरा क्रमांकाचा अर्थ त्यांचा होता. तो तरुण म्हणजे देवदूत, आणि देवदूत घाबरत नाहीत. त्या एका अर्थावर त्यांनी तीन जाड ग्रंथ लिहिले होते. मॅडमचा चौपन्नावा: तो तरुण नव्हेच, ते वाचकाचं कुतूहल आहे.

“घाबरला असं लिहिलंय कुठे?” मॅडम एकदम तापल्या. “पळाला एवढंच आहे. उकडतही असेल त्याला.”

“किंवा कुठेतरी वेळेवर पोचायचं असेल,” फादर म्हणाले. हे दोघं पहिल्यांदाच तळमजल्यावर उतरले होते आणि त्यांना तिथे चालता येत नव्हतं.

मग फादरांनी ड्रॉवर उघडला आणि एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे सरकवला. “हे घे. वस्त्र म्हणजे जुना करार. कोणी वापरलेला नाही, मी म्हातारपणासाठी ठेवला होता. हा सांग, आत्ता पास करतो.”

मी कागद उचलला. खोटं कशाला बोलू, उचलला. मला पास व्हायचं होतं, मला शनिवारी कॉलरी घासायच्या नव्हत्या. पण वाचायला तोंड उघडलं आणि आईचा ‘बिचारा’ आठवला. दोनशे बारा जणांनी त्या पोराला आत्मा केलं, देवदूत केलं, कुतूहल केलं. घाबरू म्हणून कोणी दिलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी कागद परत ठेवला.

“तो घाबरलाच होता,” मी म्हटलं.

“पुरावा?” मॅडमनी विचारलं.

“मी. मी इतकी घाबरलेय की हे दार उघडं असतं तर चप्पल टाकून पळाले असते.”

फादर वाकले आणि टेबलाखाली बघू लागले. माझे गुडघे लटलट कापत होते. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“माझी तोंडी याच खोलीत झाली,” ते म्हणाले. “मी पंचविशीत होतो. घाबरून जे पहिलं सुचलं ते बोललो. देवदूत, म्हटलं. त्यांनी शिक्का मारला. मग मला ते जन्मभर निभवावं लागलं.” त्यांनी वही ओढली आणि सतरा क्रमांकावर स्वतःच्या हाताने काट मारली.

“माझा राहू दे,” मॅडम घाईने म्हणाल्या. “कुतूहलही घाबरतं.” काकांनी तो टेकवून बघितला आणि राहू दिला.

दोनशे तेरा. तळमजला. पुराव्याच्या रकान्यात काकांनी लिहिलं: ‘विद्यार्थिनीचे गुडघे. समितीने वाकून पाहिले.’ शिक्का मारला.

बाहेर येऊन आईला फोन लावला. “पास झाले.”

पलीकडे इस्त्री ठक्कन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“आई? तुला माणूस नाही मिळालं म्हणून रुसलीस का?”

“गप बस,” आई म्हणाली. “मला नको होतीस तू इथे वाफेत. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता माझा. डॉक्टरांचा पांढरा शर्ट जाळला मी, पाठीवर, एवढा मोठा.”

“आता त्यांना काय सांगणार?”

“काय सांगणार म्हणजे? पोरगी नापास होईल म्हणून घाबरले होते, असं सांगणार.”